युगांडाची सफारी, पिवळा ताप आणि एजंटचा जुगाड

डिसेंबरच्या सुट्ट्या जवळ आल्या की इंदूरकरांचे तेच ते प्रश्न येऊ लागतात. क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानात काझिंगा चॅनेलवरची बोट, मर्चिसन फॉल्सला नाईलमधून धबधब्यापर्यंतची बोट, हॉटेल, जीप, सगळ्याचं बुकिंग झालेलं असतं. डॉक्टर आठवतो शेवटच्या आठवड्यात. निदान सहा आठवडे आधी या, हे मी दर वर्षी सांगतो.

विमान १२ दिवसांनी आहे. पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला एजंट ‘करवून देतो’ म्हणतो. चालेल का? (टिळकनगर)

नाही. लस टोचल्यावर १० दिवसांनी दाखला ग्राह्य होतो, म्हणजे तुमच्या हातात दोनच दिवस उरलेत. ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते आणि त्यांचे वार ठरलेले असतात. आजच फोन लावा. नंबर लागला नाही तर तिकीट पुढे ढकला.

एजंटच्या कागदावर शिक्का असेल, तुमच्या रक्तात मात्र काहीच नसेल. या रोगावर नेमकं औषध नाही. युगांडात शिरतानाच दाखला बघतात, आणि परत येताना आपलं सरकारही बघतं. आपल्याकडे पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या घराघरांतल्या कूलरमध्ये बसलाय. दाखला नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागतं.

२०१९ साली केनियासाठी लस घेतली होती. पुन्हा घ्यायची का? (रामबाग)

नाही, दाखला आयुष्यभर चालतो. दाखल्याचं ते पिवळं पुस्तक तेवढं जपून ठेवा.

आई ६८ वर्षांची आहे, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेते. तिलाही टोचून घेऊ ना? (सुदामानगर)

परस्पर टोचून घेऊ नका. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांत क्वचित गंभीर त्रास होतो, आणि मेथोट्रेक्सेटसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर धोका आणखी वाढतो. लशीसाठी औषध बंद करण्याचा शहाणपणाही नको. आईंना आधी संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्या, मग लस केंद्राच्या डॉक्टरांकडे. लस देता येत नाही असं पत्र मिळू शकतं, पण पत्र बघून डास चावायचा थांबत नाही. आईंसाठी दुसरं जंगल निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही जन्मापासून खान नदीकाठी राहतो, डासांची सवय आहे. मलेरियाच्या गोळ्या खरंच लागतात का? मित्र म्हणतो होमिओपॅथीच्या थेंबांनी भागतं. (पागनीसपागा)

हा प्रश्न आला की माझा रक्तदाब वाढतो. डास चावण्याची सवय म्हणजे मलेरियाची प्रतिकारशक्ती नव्हे. ती वारंवार मलेरिया होऊन थोडीफार येते, तीही टिकत नाही. युगांडातला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम या सगळ्यात घातक जातीचा. आज अंग कसकसतंय म्हणणारा माणूस एक-दोन दिवसांत बेशुद्ध होऊ शकतो. जुनी क्लोरोक्विन तिथे भरवशाची नाही, आणि थेंबांनी मलेरिया टळतो याला कसलाही पुरावा नाही.

अटोव्हाकोन-प्रोग्वानिल, डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन यांतली तुमची गोळी कोणती, हे दुकानदाराने ठरवायचं नाही. डॉक्सिसायक्लिन गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. फिट्स किंवा मानसिक आजार असेल तर मेफ्लोक्विन नको, आणि ती दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते. म्हणूनच आधी या म्हणतो.

सगळ्यात मोठा घोळ परत आल्यावर होतो. विमान उतरलं की गोळ्यांचं पाकीट कपाटात जातं. डास चावला की जंतू आधी यकृतात लपतात, रक्तात नंतर उतरतात. म्हणून अटोव्हाकोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस आणि बाकीच्या दोन्ही चार आठवडे घ्यायच्याच.

गोळ्या घेऊनही परतल्यानंतरच्या तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. ‘व्हायरल असेल’ म्हणत पॅरासिटामॉल गिळून दोन दिवस काढू नका, पपईच्या पानांचा रसही नको. दवाखान्यात पहिलं वाक्य ‘मी आफ्रिकेहून आलोय’ हे असू द्या, कारण ते सांगितलं नाही तर समोरचा डॉक्टर डेंग्यू शोधत बसेल. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही तर १२ ते २४ तासांत दुसरी करा.

बोटीतून मुलांनी पाण्यात हात घातला तर? रिसॉर्टजवळच्या तलावात पोहता येईल का? महेश्वरला नर्मदेत नेहमी पोहतो. (राजेंद्रनगर)

हात आत ठेवा. काठाशी पाणघोडे आणि मगरी असतात. तलावात पोहू नका. तिथल्या गोड्या पाण्यात गोगलगायींतून बाहेर पडणारे बिलहार्झिया या कृमिरोगाचे बारीक जंतू असू शकतात आणि ते धडधाकट कातडीतूनही आत शिरतात. व्हिक्टोरिया सरोवर त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. क्लोरीन घातलेल्या तरणतलावात खुशाल पोहा. चुकून डुंबलातच तर परतल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी तपासणीला या, लक्षणं नसली तरी.

आमच्या ग्रुपने सगळ्यांसाठी गडद निळे टी-शर्ट छापून घेतलेत. थंडीसाठी जाड घ्यायला हवे होते का? (लोकमान्यनगर)

जाडीचं सोडा, रंग चुकलाय. झोपेच्या आजाराचे जंतू वाहणारी त्सेत्से माशी गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे धावते, आणि मर्चिसनला ती भरपूर आहे. पातळ कापडावरूनही चावते. फिकट खाकी रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, जरा जाडसर कपडे घ्या. चावलेल्या जागी गाठ आली किंवा ताप आला तर दाखवायला या. टी-शर्ट छप्पन दुकानवर फोटो काढायला कामी येतील.