सोफ्यामागच्या भिंतीवर जुन्या झेंड्याचं मोठं चित्र शोभेल का?

तुमचा हॉल पांढरा-करडा, फर्निचर साधं, आणि चरख्याच्या तिरंग्याचं पाच फुटी चित्र लावलं तर पक्षाच्या कार्यालयासारखं दिसेल का, असं तुम्ही विचारलंय. जळगावला आमच्या हॉलमध्ये हेच चित्र सात वर्षं आहे. नाही दिसत. फक्त त्या भिंतीवर दुसरं काही लावू नका, आणि उशांचे अभ्रे तर तीन रंगांत मुळीच घेऊ नका.

आम्ही हा झेंडा घेतला तो आजोबांमुळे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलंच. आजोबा सावद्याहून पायी गेले होते. तेव्हाचा झेंडा हाच, १९३१ साली स्वीकारलेला. चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं ते २२ जुलै १९४७ ला. घरी येणारा प्रत्येक जण आधी चरख्याबद्दल विचारतो आणि मला आजोबांची गोष्ट सांगायला मिळते.

खरी काळजी छपाईची घ्या. आम्ही पहिल्यांदा नेटवरून उतरवलेलं चित्र छापलं. रुंदी साठ इंच आणि फाइल १२०० पिक्सेलची, म्हणजे इंचाला जेमतेम वीस. चरख्याच्या आऱ्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसायला लागल्या. पैसे वाया गेले. इंचाला दीडशे तरी हवेत, म्हणजे नऊ हजार पिक्सेल. दुसऱ्यांदा मॅट कॅनव्हासवर, रंग थोडे दबवून छापून घेतलं. आता जवळ गेलं की कापडाची वीण दिसते, हात लावावासा वाटतो.

आपल्याकडचं ऊन विसरू नका. सुरुवातीला ते पश्चिमेच्या खिडकीसमोर होतं. दोन उन्हाळ्यांत केशरी पट्टा बिस्किटाच्या रंगाचा झाला, फार वाईट वाटलं. पुन्हा छापून आतल्या भिंतीवर घेतलं. सोफा सात-साडेसात फुटी असेल तर पाच फूट बरोबर बसतं. सोफ्याच्या पाठीपासून वीतभर वर लावा.

आजचा चक्राचा तिरंगा घेणार असाल तर राष्ट्रप्रतिष्ठा अपमान प्रतिबंध अधिनियम १९७१ मध्ये झेंड्याचं चित्रही झेंडाच धरलंय. त्यावर नाव, सुविचार काही छापू नका. उभा लावलात तर केशरी पट्टा समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा.