दाताच्या मुळाचं उभं फ्रॅक्चर अभ्यासायला ससा घ्यावा की उंदीर?

सोलापुरात एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी या दोघांतला कोणता प्राणी घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही नकोत. सशाचे सगळे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यांना पक्कं मूळ तयारच होत नाही. उंदराच्या पुढच्या दातांचंही तेच. त्याच्या दाढांना मुळं असतात, पण फार बारीक.

मूळ किती बळाने फुटतं एवढंच पाहायचं असेल, तर जिवंत प्राणी लागतच नाही. परदेशी निबंधांत गाईबैलांचे दात सर्रास दिसतात. आपल्याकडे 2015 पासून बैलांसकट गोवंश हत्याबंदी आहे, म्हणून कत्तलखान्यातून म्हशीचा खालचा जबडा घ्या. जनावर सहा दाती किंवा जुळलेलं, म्हणजे सहा किंवा सगळे आठ पक्के पुढचे दात आलेलं मागा. नुकत्याच आलेल्या दाताच्या मुळाचं टोक उघडं आणि भिंत पातळ असते. दात चिमट्याने उपटू नका, तडा तिथेच जातो. ब्लेडने भोवतीचे तंतू कापून तो सैल करा.

सोलापूरच्या उन्हात खरा धोका सुकण्याचा. सुकलेल्या डेन्टिनला (दाताच्या आतल्या कठीण भागाला) आपोआप तडे जातात आणि तुम्ही मोजता ते भलतंच. ओल्या गॉझमध्ये, बर्फाच्या डब्यातून आणा, नंतर 0.1 टक्का थायमॉलच्या जंतुनाशक द्रावणात 4 अंशांवर ठेवा. फॉर्मालिन नको, ते डेन्टिनमधली प्रथिनं बदलतं. चाचणीआधी 20 पट मोठं करून, आरपार उजेडात प्रत्येक मूळ तपासा. तडा दिसला की बाद. उरलेल्यांची रुंदी-जाडी मोजून गट सारखे करा.

चाचणीसाठी मूळ थेट ॲक्रिलिकच्या (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या) ठोकळ्यात बसवू नका. आधी दाताच्या मानेखाली, म्हणजे मूळ सुरू होतं तिथून, 2 मिमी सोडून वितळलेल्या मेणात बुडवा, थर 0.2 ते 0.3 मिमी. ॲक्रिलिक घट्ट झालं की मूळ काढा, मेण साफ करा आणि त्या जागी लाइट-बॉडी सिलिकॉन (दाताचं माप घ्यायचं पातळ, रबरासारखं होणारं साहित्य) भरून मूळ परत बसवा. हा लवचीक थर नसेल तर ॲक्रिलिक मुळाला आवळून धरतं आणि फुटण्याची रेषाच बदलते.

यूटीएम, म्हणजे दाब देऊन नमुना फोडणारं चाचणी-यंत्र, अभियांत्रिकी महाविद्यालयात मिळेल, पण त्यातला बळ मोजणारा लोड सेल कोणता, ते आधी विचारा. सळया तोडणाऱ्या 40 टनी यंत्रावर काहीशे न्यूटनचा आकडा भरवशाचा येत नाही. 1 ते 5 किलोन्यूटनचा सेल हवा. दाबणाऱ्या टोकाचा वेग मिनिटाला 1 मिमी. म्हशीचे आकडे माणसाला जसेच्या तसे लावू नका, फक्त गटागटांची तुलना करा.

फ्रॅक्चरभोवतीचं हाड कसं झिजतं किंवा भरून येतं, हा प्रश्न असेल तरच जिवंत कुत्रा. त्याच्या बऱ्याच उपदाढांना दोन मुळं असतात, त्यामुळे एक प्रयोगाला आणि दुसरं तुलनेला घेता येतं. मात्र मोठ्या प्राण्यासाठी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीनंतर सीसीएसईए या प्राणी-प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीचीही परवानगी लागते. प्रबंधाच्या मुदतीत हे बसतं का, ते मार्गदर्शकांशी बोलून विषय नोंदवण्याआधीच ठरवा.