हाय ओलेइक तेल जीएम असतं का?

प्रश्न : सूर्यफूल तेलाच्या पॅकवर 'हाय ओलेइक' असं वाचलं. हे जीएम असतं का? आणि एवढं चांगलं असेल तर सगळे शेतकरी हेच का नाही लावत?

उत्तर : हाय ओलेइक म्हणजे ज्यात ओलेइक आम्ल हे मेदाम्ल (फॅटी अॅसिड) खूप जास्त असतं ते तेल, आणि जीएम म्हणजे जनुकीय अभियांत्रिकीने जनुकं बदललेलं पीक. सूर्यफुलाचं असेल तर जीएम नाही. सोव्हिएत संघात सोल्दातोव या संशोधकाने बियांवर रसायनाची प्रक्रिया करून 'पर्वेनेट्स' हे वाण काढलं, 1976 ची गोष्ट, आजची बहुतेक हाय ओलेइक सूर्यफुलं त्याचीच नातवंडं-पतवंडं. भुईमुगात तर तेवढंही करावं लागलं नाही, फ्लोरिडात बियाणं तपासताना 80 टक्के ओलेइकवाला भुईमूग आयताच सापडला आणि 1987 मध्ये ते जाहीर झालं. सोयाबीनचं मात्र वेगळं, त्यात जीएम वाणंही आहेत.

होतं काय, तर दाण्यात आधी ओलेइक आम्ल तयार होतं आणि फॅड2 जनुकाचं एन्झाइम त्याचं लिनोलेइक हे दुसरं मेदाम्ल करतं. ते एन्झाइम बंद पडलं की ओलेइक साचत जातं, बाहेरून काही घातलेलं नसतं. लिनोलेइक काही वाईट नाही हां, शरीराला ते लागतंच, पण ते हवेने पटकन खवट होतं, म्हणून कारखाने तेलात हायड्रोजन सोडायचे आणि तिथून हृदयाला घातक ट्रान्स फॅट यायचं. हाय ओलेइकमध्ये ते टळतं, माझ्या मते खरा फायदा हाच.

आता हव्या त्या तेलाचा दाणा निवडायचा कसा, तर कॅनडात रेपसीडवर (मोहरीच्या जातकुळीतलं तेलबियांचं पीक) काम करणाऱ्या डाउनी आणि हार्वी यांनी 1963 मध्ये भारी युक्ती सांगितली. दाणा जेमतेम मोहरीएवढा, तो भिजवून कोंब आला की बाहेरचं एक दल अलगद काढायचं, त्याचं तेल गॅस क्रोमॅटोग्राफवर (मेदाम्लं वेगळी करून मोजणारं यंत्र) तपासायचं, आणि रिपोर्ट चांगला आला तर कोंबासकट उरलेला अर्धा दाणा कुंडीत लावायचा! रेपसीडच्या तेलातलं नको असलेलं इरुसिक आम्ल असंच गाळत गाळत पुढे कॅनोला हा रेपसीडचाच सुधारित प्रकार आला.

सगळे का लावत नाहीत? सूर्यफुलाच्या दाण्यात तेल कसलं हे त्या दाण्यातला गर्भ ठरवतो आणि गर्भाचा अर्धा हिस्सा परागाकडून येतो, म्हणजे शेजारच्या साध्या सूर्यफुलावरून मधमाशी आली की ओलेइक घसरू शकतं. शिवाय कापणीपासून गोदामापर्यंत माल वेगळा ठेवायचा, एक ट्रॉली जरी साध्यात मिसळली तरी दोन्ही दाणे दिसायला सारखेच, मग जादा भाव कोण देणार? त्यामुळे खरेदीदार आधी ठरलेला असेल तरच शेतकरी यात पडतो.