'आमचा वल्हांडण' म्हणावं का?

नंदुरबारकडच्या एका मंडळीतून विचारणा आली आहे: पवित्र गुरुवारी यहुदी पद्धतीचं सेदेरचं, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्रीचं, जेवण ठेवायचं घाटतंय, पत्रिकेवर 'आमचा वल्हांडण सण' असं छापलं तर चालेल का? आणि वल्हांडण म्हणजे तांबडा समुद्र ओलांडणं ना?

आधी दुसरा प्रश्न घेऊ, पहिला त्यातूनच सुटतो. वल्हांडणं म्हणजे ओलांडणं, हे खरं. पण इथे ओलांडणारे इस्राएल लोक नव्हेत, परमेश्वर आहे. बायबलच्या निर्गम पुस्तकात, १२ व्या अध्यायात, मिसर देशावर शिक्षा आणताना ज्या दाराच्या बाह्यांना आणि कपाळपट्टीला कोकराचं रक्त लागलंय ते घर तो वल्हांडून पुढे जातो. समुद्र येतो तो १४ व्या अध्यायात. हिब्रू 'पेसाख' ग्रीक नव्या करारात 'पास्खा' होऊन नावासारखंच राहिलं. मराठी भाषांतराने अर्थ धरून घरगुती शब्द दिला. शब्द इतका आपला, की सणही आपलाच वाटू लागतो.

या सणात खायच्या 'बेखमीर भाकर' या शब्दाने तर खानदेशात हमखास घोटाळा होतो. कळण्याच्या भाकरीत कुठे खमीर असतं, मग तीच ताटात ठेवू, असं सहज सुचतं. पण यहुदी नियमात सेदेरची भाकर, म्हणजे मात्झा, गहू, जव, राय, ओट किंवा स्पेल्ट या पाचांतल्याच धान्याची लागते. ज्वारी-उडीद त्यात बसत नाहीत. बरं, गव्हाचे खापरावरचे मांडे करावेत, तर त्यांची कणीक भिजवून मुरवायची असते. मात्झाच्या पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत ती भाजून व्हावी लागते. नुसती पडून राहिलेली कणीकही त्या नियमाने खमीरच, मग वरून काही घातलेलं नसो. तिथे 'बेखमीर' हा शब्द वेळेवर ठरतो.

'सेदेर' म्हणजे क्रम. चार पेले आणि ठरलेले प्रश्न असा आजचा क्रम इ. स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतर बांधला गेला. म्हणून 'येशूने केला तसा सेदेर' हेही छापू नये.

आता 'आमचा'. निर्गम १२:४८ प्रमाणे सुंता न झालेल्याने वल्हांडणाचं खाऊच नये. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये प्रेषितांनी विदेशी (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांवर सुंतेचं ओझं घातलं नाही, आणि १ करिंथ ५:७ ख्रिस्तालाच वल्हांडणाचा कोकरा म्हणतं. याच सणाच्या दिवसांत युरोपात ख्रिस्ती जमावांनी यहुद्यांवर खोटे आळ घेऊन त्यांचे जीव घेतलेत. त्यांचा सण उचलून त्याला 'आमचा' म्हणणं मला पटत नाही. शिकायचं असेल तर जरूर शिकावं. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने तर मराठीतच आपल्या वर्षारंभाला 'नव्याचा सण' असं नाव दिलं होतं, तेही शिकण्याजोगं आहे.

पत्रिकेवर 'पवित्र गुरुवार: प्रभुभोजन' एवढंच घ्या. माहितीचा कार्यक्रम वेगळ्या दिवशी ठेवा आणि त्यावर लिहा, 'यहुदी वल्हांडण सणाची ओळख'.