घरचं पार्लर सुरू करताय? आधी एवढं सांभाळा

कोर्स झाला, खुर्ची-आरसा आला, अभिनंदन! महागडी फेशियल किट्स सध्या राहू द्या, ताई. आधी स्वच्छता.

नवीन मुली हमखास चुकतात ते वॅक्समध्ये. अंगाला लागलेला चमचा पुन्हा डब्यात! म्हणजे एकीच्या त्वचेवरचं सगळं दुसरीच्या अंगावर. लागेल तेवढं वॅक्स वाटीत काढून घ्या, उरलं तर टाकून द्या. जीव तुटतो, पण टाकाच. थ्रेडिंगचा दोरा प्रत्येकीला नवा, आणि तो दातात धरायची सवय लागू देऊ नका. गळ्यात अडकवूनही छान जमतं. प्लकर आधी साबणाने धुवायचा, मग जंतुनाशकात.

- केसांच्या रंगाची पॅच टेस्ट (त्वचेवर थोडासा रंग लावून ॲलर्जी येते का बघणं) ४८ तास आधी. उद्या लग्न आहे म्हणाली तरी.
- मुरुमांच्या गोळ्या किंवा रेटिनॉल (मुरुम-सुरकुत्यांसाठी लावायचं क्रीम) चालू आहे का, हे विचारल्याशिवाय चेहऱ्याला वॅक्स नाही, साल निघते.
- नायटा, पुरळ दिसलं तर डॉक्टरकडे पाठवा. चामखीळ काढणं, इंजेक्शनं हे आपलं काम नाही, यूट्यूबवर कितीही सोपं दिसो.

शॉप ॲक्टचं, म्हणजे महाराष्ट्रातल्या दुकान नोंदणीचं टेन्शन नको. एकट्याच असाल किंवा हाताखाली दोन-चार मुलीच असतील तर सरकारला ऑनलाइन कळवलं की पुरतं. केस गुळगुळीत करायचं केराटिन वगैरे पुढच्या वर्षी बघू.