वाचकांचे प्रश्न : कोर्टवर दिसतो तेवढाच खेळाडू

प्रश्न : मी इंदूरच्या राजेंद्रनगरात राहतो आणि बँकेतून निवृत्त झालो आहे. गेली पाच-सहा वर्षे मार्च महिना आला की मी आणि माझा कॉलेजात शिकणारा नातू पहाटे उठून अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलची स्पर्धा पाहतो. आम्हा दोघांचा एक आवडता खेळाडू होता. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला तो हात देऊन उठवायचा, पंचांशी कधी हुज्जत घालायचा नाही. "याला म्हणतात संस्कार," असे मी नातवाला दर सामन्यात ऐकवत असे. त्या खेळाडूने दोन वर्षांत दोनदा कॉलेज बदलले, आणि तेही अधिक पैसे मिळतात म्हणून, असे बातम्यांवरून दिसते. आता नातू म्हणतो, "आबा, चारित्र्य वगैरे काही नसते, बोली लागते." चाहत्याने खेळाडूच्या चारित्र्याकडे पाहावे, की नुसत्या खेळाकडे?

उत्तर : आधी पैशाचा मुद्दा घेतो, कारण आपला आणि नातवाचा वाद तिथेच अडकलेला दिसतो. अमेरिकेतील कॉलेज खेळाडूला अनेक दशके शिष्यवृत्तीखेरीज फारसे काही घेण्याची मुभा नव्हती. त्याच्या खेळावर दूरचित्रवाणीचे मोठमोठे करार होत, प्रशिक्षकांना गलेलठ्ठ पगार मिळत, त्याच्या क्रमांकाच्या जर्सी दुकानांत विकल्या जात. त्याने स्वतः मात्र कोणाकडून काही घेतले की तो दोषी ठरे. १ जुलै २०२१ पासून त्याला आपले नाव आणि छबी यांवर कमाई करण्याची परवानगी मिळाली आणि जुलै २०२५ पासून कॉलेजे त्याला थेट पैसेही देऊ शकतात. कॉलेज बदलल्यास एक वर्ष बाहेर बसण्याची जुनी अटही आता राहिलेली नाही. प्रशिक्षक मंडळी तर पूर्वीपासून करार अर्ध्यावर सोडून जास्त पगाराच्या जागी जात आली आहेत, आणि त्यावरून त्यांचे संस्कार कोणी काढल्याचे मला आठवत नाही. आपण बँकेत होतात. बढती स्वीकारून ग्वाल्हेरला किंवा भोपाळला गेलेल्या सहकाऱ्याला आपण चारित्र्यहीन म्हटले नसेल. मग वीस वर्षांच्या मुलाने घरच्यांचा विचार करून जास्त पैसे देणारे कॉलेज निवडले, तर त्याने पूर्वी पडलेल्या खेळाडूला दिलेला हात खोटा कसा ठरतो?

पैसे घेणे आणि खेळ विकणे या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो या खेळाने फार पूर्वी, फार मोठी किंमत मोजून पाहिलेला आहे. १९५१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजातील जूनियस केलॉग या उंचपुऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूला एक हजार डॉलर देऊ करण्यात आले. काम सोपे होते, आणि ते सोपे होते म्हणूनच घातक होते. सामना हरायचाही नव्हता. फक्त दोन संघांच्या गुणांतील अंतर सट्टेबाजांना हवे तितके राहील, एवढी काळजी घ्यायची होती. एखादा रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा परतलेला चेंडू, उशिरा घेतला, एखादा सोपा शॉट जरा लांब मारला, तर प्रेक्षकांतील कोणाच्या लक्षात येणार? केलॉगने ही गोष्ट आपल्या प्रशिक्षकाला सांगितली, प्रशिक्षकाने ती सरकारी वकिलांपर्यंत नेली आणि पुढच्या चौकशीत सात कॉलेजांचे ३२ खेळाडू अडकले. त्यांत न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे खेळाडूही होते. त्या कॉलेजने आदल्याच वर्षी, १९५० मध्ये, देशातील दोन्ही मोठ्या स्पर्धा एकाच मोसमात जिंकल्या होत्या. पुढे १९५४ मध्ये मोटार अपघातात केलॉगचे शरीर लुळे पडले, तरी चाकाच्या खुर्चीवरून खेळणाऱ्यांच्या संघाला त्याने अनेक वर्षे शिकवले. नातवाला ही हकीकत सांगा. बोली केलॉगवरही लागली होती.

आता आपला मूळ प्रश्न. चारित्र्य हा शब्द मोठा आहे आणि चाळीस मिनिटांचा सामना त्या मानाने फार लहान आहे. २८ मार्च १९९२ रोजी फिलाडेल्फियात ड्यूक आणि केंटकी या विद्यापीठांत झालेला सामना आपण पाहिला नसेल, तर जरूर पाहावा. ड्यूकच्या ख्रिश्चन लेटनरने त्या दिवशी बास्केटवर दहा शॉट मारले आणि दहाही आत गेले. दहा फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, घेतले, तेही सर्व आत गेले. जादा वेळेत केवळ २.१ सेकंद उरले असताना सहकाऱ्याने कोर्टच्या दुसऱ्या टोकाकडून फेकलेला चेंडू झेलून त्याने असा शॉट मारला की ड्यूकने तो सामना १०४-१०३ असा जिंकला. हाच लेटनर त्याच सामन्यात, खाली पडलेल्या अमिनू टिंबरलेक या प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर पाय देऊन उभा राहिला होता. पंचांनी टेक्निकल फाउल (गैरवर्तन किंवा नियमभंगाबद्दलचा दंड) दिला, त्याला बाहेर काढले नाही, आणि काढले असते तर तो शेवटचा शॉट घडलाच नसता. आता यातला खरा लेटनर कोणता? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. छातीवर पाय देणे ही वाईट कृती होती आणि तो शॉट अद्भुत होता; दोन्ही एकाच माणसाच्या हातून, किंवा खरे तर पायातून आणि हातातून, एकाच दिवशी घडल्या. त्यांची बेरीज-वजाबाकी करून चारित्र्याचा दाखला देण्याचा अधिकार प्रेक्षकाला कोणी दिला?

हे मी उगाच शहाणपणा म्हणून लिहीत नाही. माझ्या कॉलेजच्या दिवसांत इंदूरमध्ये एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात चेंडू माझ्या बोटांना लागून बाहेर गेला होता. पंचांनी तो आमच्या संघाला दिला. मी गप्प राहिलो. त्या चेंडूवर आमचे दोन गुण झाले आणि सामना आम्ही एका गुणाने जिंकला. सामन्यानंतर प्रतिस्पर्धी संघातील लंगडणाऱ्या मुलाला मी खांद्याचा आधार देऊन बाकापर्यंत नेले, तेव्हा प्रेक्षकांतील एका वयस्कर गृहस्थांनी, "असा सज्जन खेळाडू हवा," म्हणून माझी पाठ थोपटली. त्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. जे पाहिले नाही तेही खोटे नव्हते. ती थाप मला आजही पाठीवर टोचते.

मग पाहावे काय? कृती पाहावी, आणि त्यातही चूक घडल्यानंतरचे काही क्षण. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये १९८२ चा अंतिम सामना नॉर्थ कॅरोलायना आणि जॉर्जटाउन यांच्यात झाला. मायकल जॉर्डन त्या वेळी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. त्याच्या शॉटने कॅरोलायना एका गुणाने पुढे गेली, तेव्हा सामना संपायला वीस सेकंदही उरले नव्हते. जॉर्जटाउनच्या फ्रेड ब्राउनने चेंडू पुढे आणला आणि आपला सहकारी समजून थेट प्रतिस्पर्धी जेम्स वर्दीच्या हातात दिला. सामना ६३-६२ असा गेला. त्यानंतर जॉर्जटाउनचे धिप्पाड प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांनी ब्राउनला जवळ घेतले आणि सगळ्या जगासमोर कवटाळून धरले. ब्राउन संघात टिकला, आणि १९८४ मध्ये जॉर्जटाउनने ह्यूस्टनला ८४-७५ असे हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा थॉम्पसन यांनी त्यालाच पुन्हा मिठी मारली. दुसरी मिठी विजयाची होती, पण तिचे मोल पहिलीमुळे आहे.

त्याच सुपरडोममध्ये, समोर तीच नॉर्थ कॅरोलायना असताना, १९९३ च्या अंतिम सामन्यात मिशिगनचा ख्रिस वेबर सुमारे अकरा सेकंद उरलेले असताना दोन गुणांनी मागे होता. कोपऱ्यात कोंडी झाल्यावर त्याने टाइम-आउट, म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवण्याची मुभा, मागितला. संघाचे सर्व टाइम-आउट संपलेले होते. टेक्निकल फाउल झाला आणि सामना ७७-७१ असा गेला. पुढे काही वर्षांनी एका चाहत्याने वेबरसह मिशिगनच्या काही खेळाडूंना पैसे दिल्याचे प्रकरण बाहेर आले आणि विद्यापीठाने १९९२ व १९९३ च्या अंतिम फेऱ्यांची नोंद रद्द करून त्यांच्या आठवणीत टांगलेले बॅनर उतरवले. लोक हे दोन प्रसंग एका दोरीत ओवतात, जणू टाइम-आउट ही पैशांची शिक्षाच होती. मला हे पटत नाही. गोंधळलेला वीस वर्षांचा मुलगा आणि पैशांचा व्यवहार या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि बॅनर उतरवल्याने तो सामना कोणाच्या डोळ्यांपुढून पुसला जात नाही.

नातवाबरोबर १९८२ च्या सामन्याचे चित्रण लावा, आणि शेवटची शिट्टी झाल्यावर लगेच बंद करू नका. कॅमेरा जॉर्जटाउनच्या बाकाकडे वळेपर्यंत थांबा.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे आणि इंदूरमधील एका क्लबकडून बास्केटबॉल खेळते. स्वभावाने ती मवाळ आहे. तिचे सर सतत, "अंगावर जा, घाबरवून सोड," असे सांगतात. मागच्या स्पर्धेत समोरच्या मुलीने हातवारे करून हिणवले, तेव्हा हिनेही बास्केट केल्यावर तसेच हातवारे केले. घरी सासूबाईंनी, "मुलीच्या जातीला हे शोभत नाही," म्हणून तिला बोलणी ऐकवली. खेळामुळे मुलीचा स्वभाव बिघडतो आहे का?

उत्तर : सासूबाईंच्या वाक्यातील "मुलीच्या जातीला" एवढे शब्द काढून टाका आणि मग विचार करा. २०२३ च्या महिलांच्या कॉलेज अंतिम सामन्यात लुइझियाना स्टेटने आयोवाला १०२-८५ असे हरवले. शेवटी विजेत्या संघाच्या एंजल रीसने आयोवाच्या केटलिन क्लार्कसमोर चेहऱ्यापुढून हात फिरवून 'तू मला दिसतच नाहीस' अशी खूण केली. दुसऱ्या दिवशी टीकेचा पाऊस पडला. हीच खूण त्याच स्पर्धेत आधी क्लार्कनेही केली होती आणि तेव्हा तिच्या जिद्दीचे कौतुक झाले होते. रीस कृष्णवर्णीय, क्लार्क गोरी. टीकेचा रंग कशामुळे बदलला, हे अनेकांनी त्या वेळी बोलून दाखवले. रीसवर टीका होऊ नये, असे स्वतः क्लार्कने सांगितले, आणि मला तो हातवाऱ्यांपेक्षा लक्षात ठेवण्यासारखा भाग वाटतो. आपल्या मुलीने केले ते मला फारसे आवडले नाही, पण त्यात स्वभाव बिघडण्यासारखे काही दिसत नाही. मुलाने केले असते तर घरात किती बोलणी झाली असती, हे एकदा मोजून पाहावे.

सरांबद्दल मात्र मला अधिक काळजी वाटते. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ रचला, तोच मुळी धसमुसळेपणा टाळण्यासाठी. चेंडू घेऊन पळणाऱ्याला लोक खाली पाडतात, म्हणून त्यांनी चेंडू घेऊन पळण्यावरच बंदी घातली. समोर फुटबॉलसारखा उभा गोल असला की जोरात फेकावेसे वाटते, म्हणून गोल डोक्याच्या वर आणि आडवा टांगला, जेणेकरून ताकदीपेक्षा अंदाज उपयोगी पडावा. त्यांच्या १३ नियमांत खांद्याने धक्का देणे, धरणे, ढकलणे, पाय घालणे आणि मारणे यांना थारा नव्हता. दुसऱ्यांदा असे केले की पुढचा गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर. चेंडूसाठी झेपावणे, रिबाउंडला जागा न सोडणे, बचावात समोरच्याला श्वास घेऊ न देणे, हे सर्व मवाळ मुलगीही करू शकते. सरांना शांतपणे विचारा की 'अंगावर जा' म्हणजे चेंडूवर की मुलीवर. उत्तर 'मुलीवर' असे आले, तर क्लब बदलावा.

प्रश्न : मी लोकमान्यनगरात राहतो आणि एका शाळेत क्रीडा शिक्षक म्हणून नुकताच लागलो आहे. प्रशिक्षक खेळाडूचे चारित्र्य घडवू शकतो का?

उत्तर : सवयी घडवू शकतो, आणि तेवढे पुष्कळ आहे. जॉन वुडन यांच्या यूसीएलए (लॉस एंजेलिसमधील विद्यापीठ) संघाने १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा विजेतेपदे मिळवली. मोसमाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालावेत ते शिकवत, कारण मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. केसांच्या लांबीबाबतही ते कडक होते. उंच, बंडखोर बिल वॉल्टनलासुद्धा त्यांच्यापुढे केस कापावे लागले. तोच वॉल्टन व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात निदर्शने करताना पकडला गेला. केस वुडन यांच्या मर्जीने कापले, मते मात्र स्वतःची ठेवली. आणि वुडन यांच्या नाकाखाली एक श्रीमंत कंत्राटदार खेळाडूंवर भेटींची खैरात करत होता, त्याबद्दल ते निवृत्त झाल्यावर, १९८१ मध्ये, यूसीएलएवर कारवाई झाली. एवढ्या मोठ्या शिक्षकाच्या वर्गातही सगळे त्याला दिसत नव्हते, हे नव्या शिक्षकाने ध्यानात ठेवलेले बरे.

आपण उद्यापासून सुरू करू शकाल अशी एक गोष्ट नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांच्याकडून घ्यावी. बास्केट करणाऱ्याने, ज्याने पास दिला त्याच्याकडे लगेच बोट दाखवायचे, हा त्यांच्या संघाचा रिवाज होता. टाळ्या शॉटला मिळतात. पास कोणाचा होता हे प्रेक्षकांना त्या बोटामुळे कळते. पहिले काही दिवस मुले लाजतील किंवा हसतील, नंतर हात आपोआप वर जाईल. स्मिथ १९६१ ते १९९७ पर्यंत शिकवत होते. २०१५ च्या फेब्रुवारीत ते वारले, आणि काही आठवड्यांनी त्यांच्या जुन्या खेळाडूंच्या घरी, नावाजलेल्यांच्या आणि बाकावर बसूनच चार वर्षे काढलेल्यांच्याही, प्रत्येकी २०० डॉलरचा एकसारखा धनादेश आला. बाहेर एक जेवण प्रशिक्षकांतर्फे करावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते.