स्पॅनिश दिग्दर्शक आल्मोदोव्हारच्या 'व्होल्वेर' या पिक्चरचं समीक्षकांनी खरंच एवढं कौतुक केलं होतं का?

हो, आणि उगाच नाही. 2006 ला कान्स फिल्म फेस्टिव्हलमध्ये बेस्ट अ‍ॅक्ट्रेसचं बक्षीस एकटीला न देता पिक्चरमधल्या सहा जणींना मिळून दिलं, पेनेलोपे क्रूझ, कार्मेन माउरा धरून, शिवाय पटकथेचंही मिळालं. पाल्म द'ऑर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, मात्र ब्रिटिश दिग्दर्शक केन लोचने नेलं. स्पेनच्या गोया अवॉर्डमध्ये बेस्ट फिल्म, डायरेक्टर वगैरे पाच.

लोकांना आवडलं काय तर खून, बलात्कार, मेलेली आई परत येणं असलं सगळं भयंकर असूनही पिक्चर रडका होत नाही. तो सीन बघा, रायमुंदा (म्हणजे क्रूझ) नवऱ्याचं रक्त किचन पेपरने पुसतेय, तेवढ्यात शेजारचा दार वाजवतो, मानेवर रक्त कसलं विचारतो आणि ही बाई थंडपणे सांगते, बायकांचं असतंय काहीतरी! हसावं की घाबरावं कळत नाही. क्रूझची तुलना तर थेट सोफिया लॉरेन आणि आना मान्यानी या गाजलेल्या इटालियन नट्यांशी झाली, ऑस्करचं नॉमिनेशनपण मिळालं (हेलन मिरेन जिंकली). पिक्चर स्वतः मात्र ऑस्करच्या फॉरेन फिल्म कॅटेगरीच्या शेवटच्या पाचात नव्हता, जे मला आजही पटत नाही.

तक्रारी पण होत्या, म्हणजे पुरुष एकतर नालायक नाहीतर गायबच, आणि आल्मोदोव्हारच्याच आधीच्या 'टॉक टू हर'एवढा खोल नाही. पहिलं खरंय पण माझ्या मते ते मुद्दामच केलंय, दुसरं थोडंफार मान्य. आई झालेली माउरा पलंगाखाली लपते तेवढ्यासाठी तरी बघाच.